पावसाच्या तालुक्यातली सरकारी छपरं

मे महिन्यात पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर टँकर चढू लागतात आणि टँकर कधी येणार यावर तिथल्या बायकांचा दिवस ठरतो. त्याच दिवसांत मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. गच्चीवरची टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहत होतं. खाली पंप चालूच होता, कारण बटण दाबणारा शिपाई बाहेर कामाला गेलेला. पाणीही वाया, वीजही वाया. टाकी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच काही शे रुपयांत मिळतो.

महाड-पोलादपुरात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खाली कातळ, त्यात उतार. पडलेलं पाणी सावित्री-गांधारीतून बाणकोटच्या खाडीकडे निघून जातं. आता हिशेब करा. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३ लाख लिटर पाणी पडतं. चौथा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी सव्वादोन लाख लिटर उरतं, म्हणजे १० हजार लिटरचे २२ टँकर. एवढं सगळं साठवायची टाकी परवडणार नाही, हे मान्य. पण पन्हळ लावून, गाळून ते आवारातल्या विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये सोडता येतं. वर रायगडावर टाकी-तलावांत पाऊस साठवून राजधानी नांदली. खालच्या कचेऱ्यांना तेवढं जमू नये?

विजेचं तर याहून सोपं. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारे पंखे बंद करायला मात्र पैसा लागत नाही. महाडकरांनी एक गोष्ट जास्तीची सांभाळावी: पंप आणि विजेचे बोर्ड जुलै २०२१ च्या पूररेषेच्या वर असावेत.

हे महाडमध्ये लिहिताना मला १९२३ चा बोले ठराव आठवतो. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले करा, असं मुंबई विधिमंडळाने त्यात म्हटलं. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला, पण अंमल झाला नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. सार्वजनिक पैशातलं पाणी सगळ्यांचं, हा हक्क या गावात झगडून मिळवला गेला आहे. त्यामुळे इथल्या कचेरीतलं वाहतं पाणी मला किरकोळ निष्काळजीपणा वाटत नाही. ते वाडीवरच्या हंड्यातलं पाणी आहे.

ग्रामसभेत विकासकामांची यादी निघते तेव्हा आपल्या शाळेच्या, आरोग्य केंद्राच्या, ग्रामपंचायतीच्या छपराला पन्हळ आणि टाकीला फ्लोट स्विच मागा. आणि काम मृगाआधी पुरं करून घ्या.