अडीच एस्टोनियांचा जिल्हा

एस्टोनिया देशाची वस्ती जेमतेम साडेतेरा लाख. आपला नांदेड जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ३३ लाखांवर. एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ या यंत्रणेवरून सरकारी खाती एकमेकांच्या नोंदी थेट पाहतात; एकदा दिलेली माहिती नागरिकाकडं पुन्हा मागायची नाही, हा दंडकच. आपल्याकडंही डिजिटल सातबारा आला, २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी आली. पण त्यासाठी नांदेडमधल्या कंधारच्या डोंगरपट्ट्यातला शेतकरी वावरात कापसाचा फोटो काढतो आणि रेंज शोधत माळावर चढतो. एवढं करून विमा भरायला गेलं की पुन्हा सातबारा, आधार, पासबुक, पीकपेरा – सगळ्याची झेरॉक्स! गावोगाव फायबर हवंच. पण तहसील, बँक आणि कृषी खात्यानं आपसांत बोलायला कुठं रस्ता खोदावा लागतो?