पाणवठ्यावरची कला

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठविलेली ताडाची झाडे पाहतो, हात जोडतो आणि नागपूरच्या गाडीत बसतो. उन्हाळ्यात त्याने आसपासच्या एखाद्या खेड्यात बोरिंगपाशी जरा थांबून पाहावे. नळ आटलेला असला की तेथे हमखास गर्दी असते. भोवती चिखल, त्यात पाय रोवून बाई वाकते, भरलेला गुंड गुडघ्यावर घेते आणि हिसक्यासरशी डोईच्या चुंबळीवर चढविते. हे दृश्य आमच्या चित्रकारांनी पुष्कळ रंगविले. पाणवठ्यावरची सुंदरी म्हणजे कॅलेंडरवाल्यांची हुकमी मिळकतच! पण तिच्या कमरेचा विचार केला तो नवजोत अल्ताफ ह्या चित्रकर्तीने.

बाईंचा जन्म १९४९ चा, मेरठचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९७० नंतरच्या दशकात पती अल्ताफ ह्यांच्यासह त्या 'प्रोयोम' ह्या डाव्या युवक चळवळीत होत्या. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर, १९९४ साली, त्या जखमेवर त्यांनी मांडणीशिल्प केले. नाव झाले. परंतु ज्या स्त्रीची बाजू घ्यायची ती प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकणार कधी?

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाई बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या. तेथील शांतीबाई, राजकुमार कोर्राम व गेसूराम ह्या आदिवासी भागातल्या कलावंतांबरोबर त्यांनी हातपंपाभोवती 'नलपार' बांधले. त्यात भांडे टेकवायला कट्टे आहेत. घागर टप्प्याटप्प्याने वर चढते, पाठ मोडत नाही. सांडलेले पाणी शोषखड्ड्यात जाते. बांधणीत तेथल्याच लोकांची चिन्हे आहेत.

"ही कला की पंचायतीचे बांधकाम?" वर्गात कोणी तरी विचारणारच. मी म्हणतो, कट्टा किती उंच हे ठरवायला आधी बाईचा खांदा पाहावा लागतो. सरकारी नकाशात तो कोणी पाहिला होता? स्त्रीमुक्तीवरची जाडजूड पुस्तके मीही शिकवितो. त्या मानाने हा कट्टा फारच थोडक्यात बोलतो.

एक गोष्ट मात्र मला खुपते. कलासमीक्षकांच्या चर्चेत आधी येते ते नाव नवजोतबाईंचे. लाकूड कोरणाऱ्या शांतीबाईंचे नाव पुढच्या ओळीत, 'सहकारी' म्हणून. पाणी भरायला त्या हातपंपावर येणाऱ्या बायकांमध्ये नवजोतबाईंपेक्षा शांतीबाईच आपल्या.