एक किलोमीटर कुठून मोजायचा?

जून लागला की सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या जिल्ह्यांतून मनाई आदेश निघू लागतात आणि ऑफ-रोडिंग गटांचे महिनोन्‌महिने आखलेले बेत एका कागदावर अडतात. ताम्हिणी, माळशेज, पाटण, महाबळेश्वर. हिरवळ आणि धुके जिथे जिथे एकत्र येते, तिथे नाक्यावर गाडी अडणार हे धरूनच चालावे लागते. आदेश का निघतो, हा प्रश्न नाही. त्यात काय लिहिलेले असते, हा आहे.

पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू झाले, आणि आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. अशा घटनांनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी हातावर हात ठेवून बसावे, असे या मासिकाचा एकही वाचक म्हणणार नाही.

पण रायगडसारख्या जिल्ह्यांच्या पावसाळी आदेशांत एक वाक्य दरवर्षी उतरवले जाते: धबधब्यांच्या एक किलोमीटर परिसरात दुचाकी आणि चारचाकी वाहनांना प्रवेश बंद, अत्यावश्यक सेवा वगळून. ज्याने आषाढातला सह्याद्री पाहिला आहे, त्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. जुलैत घाटमाथ्याचा कुठला कडा कोरडा असतो? कुंभे, देवकुंड, ठोसेघर ही नावाची ठिकाणे झाली. त्यांच्या अधेमधे शेकडो ओहोळ कड्यावरून खाली येतात, त्यातले निम्मे पाऊस उघडला की दुपारपर्यंत आटतात आणि रात्री सर आली की पुन्हा धो धो वाहतात. त्यांपैकी धबधबा कोणता धरायचा? एक किलोमीटर मोजायचा तो हवेतून की रस्त्याने, कड्याच्या माथ्यापासून की पायथ्यापासून? आदेशाला नकाशा जोडलेला नाही, गट नंबर नाहीत, रस्त्याचा साखळी क्रमांक नाही. शब्दशः अंमल करायचा तर घाटातली एसटीसुद्धा थांबवावी लागेल.

एसटी थांबत नाही, हे उघड आहे. मग एक किलोमीटरचा अर्थ लावण्याचे काम भर पावसात नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या गळ्यात पडते. त्याच्याकडे मोजायला काही नसते, तो गाडीकडे बघतो. उंच केलेली, एमटी टायर घातलेली, छतावर फावडे आणि जॅक बांधलेली गाडी दिसली की ‘परत फिरा’. तिच्या मागची, गुळगुळीत टायरांची आणि खच्चून माणसे भरलेली गाडी मात्र पुढे सुटते. पहिल्या गाडीत दोर, शॅकल, प्रथमोपचार पेटी, वायरलेस संच आणि ते वापरता येणारी माणसे असतात. दुसरीत यातले काहीच नसते. आदेश माणसे वाचवण्यासाठी काढला असेल, तर हा अंमल नेमका उलटा आहे.

परवानगी काढूनच जायचे ठरवले, तर अर्ज करायचा कुणाकडे? तहसील कार्यालय पोलीस ठाण्याकडे बोट दाखवते. ठाणे म्हणते, रस्ता वनहद्दीतून जातो, आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचे पत्र आणा. वनखाते म्हणते, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा ग्रामपंचायतीचा, आमचा संबंध फक्त कडेच्या झाडांशी. ग्रामपंचायत ठराव द्यायला तयार असते, कारण ताफा आला की गावात जेवणावळी होतात, चार घरांत पैसा येतो. पण तो ठराव घेऊन तहसिलात गेले की टेबलावरचा माणूस विचारतो, हा अर्ज कुठल्या नियमाखाली? मिरवणूक, चित्रीकरण, मॅरेथॉन यांच्या वाटा सर्वांना माहीत आहेत. दहा गाड्यांचा ताफा सावकाश एका कच्च्या रस्त्याने जाऊन संध्याकाळी परत येणार, याला सदर नाही. मग तो ‘रॅली’त ढकलला जातो आणि ध्वनिक्षेपक किती, व्यासपीठ कुठे, जमाव किती, असल्या प्रश्नांची उत्तरे लिहीत बसावे लागते. उत्तरे लिहून होईपर्यंत श्रावण संपतो.

जो विचारत नाही, त्याचे काहीच अडत नाही. पहाटे साडेचारला नाका ओलांडला की झाले. ही व्यवस्था प्रामाणिक गटांना अप्रामाणिक व्हायला शिकवते, म्हणून तिच्याविरुद्ध बोलले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कलम १६३ तातडीच्या प्रसंगासाठी आहे. राज्य सरकारने मुदत वाढवली नाही, तर असा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. पावसाळा काही अचानक उद्भवत नाही, मृगाचा मुहूर्त पंचांगात छापलेला असतो. दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या पावसाला दरवर्षी तातडीचे कलम लावायचे आणि उरलेले दहा महिने कायमची कार्यपद्धती लिहायला हात लावायचा नाही, हा सरळ कामचुकारपणा आहे.

कार्यपद्धती लिहिता येते. केरळात इडुक्की जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये मुन्नारजवळच्या अपघातानंतर जीप सफरींवर सरसकट बंदी आली. पण थोड्याच दिवसांत तिथल्या प्रशासनाने मार्ग तपासले आणि ठरावीक मार्गांवर अटी घालून जीप पुन्हा सुरू केल्या. डोंगर तसाच, धुके तसेच, पाऊस आपल्याइतकाच. इतके लांब जायलाही नको. कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाल्यावर गर्दी हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा पठाराला टाळे ठोकले गेले नाही. भोवतालच्या गावांच्या वन समित्यांकडे व्यवस्था दिली, शुल्क ठेवले, फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली, नोंदणी सुरू केली. त्या व्यवस्थेत उणिवा आहेतच, पण आत कोण आहे आणि किती आहेत, हे तिथे कुणाला तरी माहीत असते. पवनचक्क्यांसाठी पठारांवर काढलेल्या मुरमाच्या रस्त्यांना अशीच व्यवस्था लावायला काय हरकत आहे?

आता सभासदांकडे. अधिकाऱ्यांना जाब विचारताना आपली बाजू स्वच्छ लागते, आणि ती नाही. जुलै २०२५ मध्ये पाटण तालुक्यात सडावाघापूर रस्त्यावरच्या गुजरवाडी टेबल पॉइंटवर ओल्या गवतात गाडी गोल फिरवताना ती घसरली आणि तरुण चालकासह दरीत गेली. ते ऑफ-रोडिंग नव्हते, गाडी साधी होती, हे म्हणून आपली सुटका होत नाही. सड्यावर गाडी फिरवून चित्रफीत काढायची हौस आपल्यातल्याच अनेकांनी लोकांना लावली. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला चंद्रा नदीच्या पात्रात थार घातली म्हणून पोलिसांनी दंड केला, त्या चित्रफितीला वाहवा देणारेही आपल्यातलेच होते.

सडा म्हणजे मोकळे मैदान नव्हे. जांभ्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. गेंद, सीतेची आसवे, तेरडा याच थरात उगवतात. भिजलेल्या सड्यावर एकदा चाक फिरले की चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी धावते, आणि पुढच्या पावसात ती माती खालच्या ओढ्यात जाते. नवी यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. रस्ता सोडून सड्यावर गाडी घालणाऱ्याला गटातून काढावे. यावर चर्चा नको.

तयारीचीही तीच तऱ्हा. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार बाजारात आली, आणि तेव्हापासून प्रत्येक मोहिमेत एखादी येतेच. मालक ती फोर बाय फोर असल्याच्या थाटात रांगेत लावतो. पहिल्या चिकट चढाला ती आडवी होते आणि अख्ख्या ताफ्याचे दोन तास जातात. दोष गाडीचा नाही, तिला घेणाऱ्या संयोजकाचा आहे.

मराठवाड्याच्या गटांशी या बाबतीत वेगळे बोलायला हवे. जिंतूर, येलदरी, परभणीकडची मंडळी शेकडो किलोमीटरचा पल्ला मारून पाटणला किंवा मुळशीला येतात, त्यांची जिद्द वादातीत आहे. चिखलाचा सराव त्यांच्याइतका पुण्या-मुंबईच्या गटांना नाही. येलदरीच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकते, काठाची काळी जमीन भेगाळते, आणि वळवाच्या पहिल्या सरीत तीच जमीन टायरला धरते. चार फेऱ्यांत नक्षी भरून जाते, चाक गुळगुळीत रोळासारखे दिसू लागते, आणि चिखल मडगार्डमध्ये ठासून चाक फिरायचे थांबते. तिथे वेग तुटू द्यायचा नाही, चाक फिरते ठेवून चिखल झटकायचा, हे त्यांच्या हाताला माहीत असते.

हीच सवय सह्याद्रीत घात करते. ओल्या जांभ्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. तिथे चाक फिरवले की पकड संपली, आणि बाजूला दरी असते. टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवायची, लो रेंजचा पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम, आणि उतारावर ब्रेक नव्हे, इंजिनाची ओढ. आडव्या उताराच्या ओल्या गवतावर उभा चढ निघेल तर काढावा, तिरपे कधीही जाऊ नये. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणे बंद करा, मागच्याला वळण कळत नाही. पिवळे फॉग लॅम्प, लो बीम, आणि पुढच्या गाडीचे मागचे दिवे दिसतील इतकेच अंतर. लीड आणि स्वीप, म्हणजे ताफ्यातली सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची, या दोन गाड्यांत वायरलेस हवाच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवाना लागत नाही, तेव्हा परवान्याची सबबही उरलेली नाही. बाहेरून मागवलेले जास्त शक्तीचे संच मात्र विनापरवाना वापरू नयेत.

येलदरीला सराव करणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. उघड्या पडलेल्या काठावर शेतकरी गाळपेर करतात, उभ्या पिकात चाक जाता कामा नये, आणि जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय धरणाच्या हद्दीत उतरू नये. दुसरे, धरणाखाली पूर्णेच्या पात्रात गाडी घालू नये. तिथले वीजगृह २२.५ मेगावॉटचे आहे. संच सुरू झाले की दरवाजे न उघडताही पात्रात पाणी वाढते, आणि आकाश निरभ्र असते.

साहित्याचा तिढा उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते, आणि पादचाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण विंचचा बंपर, भक्कम रिकव्हरी पॉइंट आणि नुसता नट्टापट्टा यांत तपासणाऱ्याला फरक करता यावा, अशी यादी परिवहन खात्याने एकदाची जाहीर करावी. ती येईपर्यंत गाडी कंपनीच्या मूळ रूपातच ठेवा. कंपनीचा टो हुक, कायनेटिक दोर, सॉफ्ट शॅकल, झाडाची साल वाचवणारा रुंद पट्टा आणि हाताने चालवायची विंच एवढ्यावर बहुतेक अडकलेल्या गाड्या निघतात. टो बॉलला दोर लावून झटका देऊ नका. तो तुटला की गोळीसारखा काचेतून आत येतो.

आता नुसते कुरकुरणे पुरे. आदेश निघाल्यावर निवेदन घेऊन धावण्यात अर्थ नाही, ते आदेशाच्या आधी टेबलावर पडले पाहिजे. प्रत्येक गटाने मेच्या अखेरीपर्यंत आपला एकच मार्ग कागदावर उतरवावा. गावांची नावे, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, कुठल्या टप्प्यात वनहद्द लागते, गाड्या किती (दहापेक्षा जास्त नकोत), लीड आणि स्वीप कोण, जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर, आणि पाऊस किती झाला की मोहीम रद्द करणार, हे सगळे त्यात हवे. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. त्याची एकेक प्रत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक यांच्याकडे द्या, पोच घ्या, आणि पोचेची छायाप्रत या मासिकाकडे पाठवा. आदेशात ‘एक किलोमीटर’ऐवजी ठिकाणांची नावे, नकाशा आणि तारखा असाव्यात आणि नोंदणी केलेल्या ताफ्यांसाठी एक खिडकी असावी, ही मागणी सगळ्यांनी एकाच शब्दांत करावी. मराठवाड्याच्या गटांनी आपल्या जिल्ह्यात नव्हे, जिथे जायचे आहे त्या जिल्ह्यात अर्ज द्यावा. टपालाने दिला तरी चालतो, पोचपावतीसह.