शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

यवतमाळ जिल्ह्यातले सर्व आई-वडील, आजी-आजोबा, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य, गुरुजी आणि बाई, बचत गटातल्या भगिनी आणि शाळेजवळ दुकान चालवणारे माझे भाऊ, या सर्वांशी मला बोलायचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर घरोघरी वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, रिक्षा यांची तयारी होईल. पोरं दिवसभरात पोटात काय घालतात, यावर मात्र गावात एकही बैठक बसत नाही. ती बसावी, म्हणून हे आवाहन करते आहे.

आपल्या कुठल्याही वर्गात जाऊन पाहा. एकाच बाकावर दोन मुलं दिसतील. एकाचा गणवेश खांद्यावरून ओघळतोय, दुसऱ्याची गुंडी पोटावर लागत नाही. पहिल्याला आपण ‘अंगाला लागत नाही हो याच्या’ म्हणतो, दुसऱ्याला ‘खात्यापित्या घरचा’. मधल्या सुट्टीत दोघंही फाटकाबाहेर एकाच दुकानासमोर उभे असतात आणि दोघांच्या हातात पाच रुपयांचा तोच चकचकीत पुडा असतो. पीठ, पामतेल, मीठ, साखर, रंग. हडकुळ्या पोराची भूक त्या पुड्यानं मरते, मग ताटातली खिचडी तशीच राहते. जड पोराचं घरचं जेवण होतंच, त्यावर हा पुडा आणि रंगीत गोड पाण्याची बाटली चढते. पाव लिटरच्या अशा बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. घरी चहात कुणी एवढी साखर घातली तर आपण तो कप खाली ठेवू.

केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तेव्हा १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानानं बारीक निघाली आणि ५ टक्के मुलांचं वजन जास्त निघालं. याच वयातल्या ४० टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफनं सांगितलं, की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा पुढे गेलं आहे. आपल्याकडे एक दुखणं सरायच्या आत दुसरं दारात आलं. म्हणून मला दोन वेगळ्या मोहिमा नकोत. बारीक पोराला जे अन्न हवं, तेच जाड पोरालाही हवं आहे.

आता कुणी म्हणेल, आया पूर्वीसारखं करून घालत नाहीत. हे मी ऐकून घेणार नाही. दसरा-दिवाळीपासून आपल्या जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाई उजाडायच्या आत घर सोडते. दव असतानाच ती वावरात पोचलेली असते. पोरगं सात वाजता उठतं, तेव्हा चूल थंड असते. चहा असतो, टोस्ट असतो आणि डब्याखाली ठेवलेली दहाची नोट असते. ती नोट म्हणजे त्या माउलीची माया आहे, पण ती जाते दुकानात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधली पोरं तर महिनोन् महिने आजीच्या भरवशावर असतात.

भाकर मागे पडली त्यालाही कारण आहे. कापूस आणि सोयाबीन वाढत गेलं तशी वावरातली ज्वारी आक्रसली. पेरली तर रोही आणि रानडुकरं ठेवत नाहीत, पाखरं राखायला घरात माणूस नाही. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी विकत आणावी लागते. ज्या गरीब घरातली भाकर अशी गेली, त्या घराला ‘भाकर खा, भाकर खा’ म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही. एवढंच मागते, की ज्याच्या वावरात पाण्याची आणि राखणीची सोय आहे, त्यानं घरच्यापुरती चार ओळी ज्वारी पेरावी. कडबा बैलांना होईल, दाणे पोरांना.

आणि सकाळच्या त्या रिकाम्या तासाला घरातल्या पुरुषांनी हात लावावा. रात्रीच मूठभर हरभरे भिजत घालायला बाईमाणूसच लागतं असं नाही. सकाळी त्यात कांदा, लिंबू, मीठ घातलं की झालं. शेंगदाणे भाजून डब्यात भरून ठेवले तर आठवडा जातो. मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यातही साधारण तेवढीच. रात्रीची भाकर आणि जवसाची चटणी ही कुठल्याही टोस्टपेक्षा चांगली न्याहारी आहे. चहा जेवणासोबत किंवा जेवणावर लगेच देऊ नका, अन्नातलं लोह त्यानं अंगी लागत नाही. लिंबू आणि आवळ्यानं ते जास्त लागतं.

आपला जिल्हा खाण्याच्या बाबतीत दरिद्री नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. हिवाळ्यात तुरीचे सोले निघतात, हरभऱ्याचा हुळा होतो, बोरं-चिंचा-सीताफळं गावाबाहेर सापडतात. पावसाळ्यात तरोटा, काटवल, अंबाडी, चिवळ, बांबूचे वास्ते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या भागातल्या कोलाम पोडांवरच्या म्हाताऱ्यांना कुठली भाजी कधी काढायची आणि कशी शिजवायची, हे पाठ आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, त्याला आपण बघे म्हणून जातो, फोटो काढतो आणि घरी येऊन बटाटा चिरतो. शाळेनं या आजींना बोलावून एक तास द्यावा. पोरांनी त्यांच्यासोबत बांधावर जावं, भाजी खुडावी आणि त्या दिवशीच्या आमटीत ती पडावी. आदिवासी पोराला आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटायला लागली आहे, ती अशानंच जाईल.

शाळेतल्या ताटाकडे वळते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा पोषण आहाराचा नियम आहे. हा तुमच्या लेकराचा हक्क आहे. शिजलेलं अन्न मुलांआधी मोठ्यांनी चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायची, हेही ठरलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. मग ती वही कोरी का राहते? आठवड्यातून एक पालक, पाळी लावून, शाळेत जेवायला बसा. डाळ पातळ आहे का, भाजी खरंच पडली का, हे एका घासात कळतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर ओरडायला जाऊ नका. तुटपुंज्या मानधनात त्या धूर खात उभ्या असतात. सामान कमी आलं असेल तर ते त्यांच्यामुळे नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं आठवड्यातून एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगण्यात आलं. मला हा निर्णय मान्य नाही. पोरांच्या ताटातलं अंडं ही सरकारचीच जबाबदारी आहे, आणि ते परत सुरू व्हावं म्हणून आपण आमदारांकडे, पालकमंत्र्यांकडे निवेदनं द्यायलाच हवीत. पण ती फाईल हलेपर्यंत पोरं थांबत नाहीत, त्यांची वाढ याच वर्षी व्हायची आहे. गावोगावी चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. ६० पोरांच्या शाळेत सगळ्यांना एक-एक अंडं द्यायला एका फ्लेक्सएवढाही खर्च येत नाही. तिथीभोजनाची सोय शासनाच्याच योजनेत आहे. नेत्याचा, नातवाचा, स्वतःचा वाढदिवस असेल तेव्हा अंडी द्या, केळी द्या, शेंगदाण्याचे लाडू द्या. केक आणि पुडे वाटू नका.

नववीपासून मात्र हे ताटही बंद होतं. मुलगा झपाट्यानं उंच होतो, मुलीला पाळी सुरू झालेली असते, म्हणजे भूक सगळ्यात मोठी असते, आणि नेमकी तेव्हाच शाळा हात आखडते. तालुक्याच्या गावी एसटीनं जाणारी मुलगी सकाळी सातला निघते आणि चारला परतते. तिचा डबा भरलेला असला पाहिजे. भावाला दूध आणि तिला चहा, हे अजूनही आपल्या घरांत चालतं, ते थांबवा. १० ते १९ वयाच्या मुलांना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती जेवणानंतर घ्यायची. एखादीला मळमळलं की सगळा वर्ग गोळ्या खिडकीतून फेकतो, हे शिक्षकांना चांगलंच ठाऊक आहे. उपाशी पोटी गोळी दिली की मळमळणारच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंताची गोळी चुकवू नका. जंत पोटात असले तर वरून घातलेलं अन्न कुणाच्या कामाचं?

यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड इथल्या पालकांशी थोडं वेगळं बोलते. तुमचं मूल शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी करून रात्री आठला घरी येतं आणि वाटेत समोसा खातं. ५ ते १७ वयाच्या मुलाला रोज तासभर तरी घाम येईल असं खेळायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिकवणीची एक बॅच सोडा आणि त्याला मैदानावर पाठवा, कबड्डी, खो-खो, सायकल, काहीही चालेल. वजन जास्त आहे म्हणून त्याला उपाशी ठेवू नका, भात-पोळी तोडू नका, कुठली पावडर आणू नका. वाढत्या मुलाचं वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ. मोठ्यांचा बीएमआयचा आकडाही मुलांना लावायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळे तक्ते असतात, ते आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकातल्या डॉक्टरांना विचारा.

आणि गुरुजी-बाईंनो, हात जोडून विनंती, वर्गात वजनाचा आकडा मोठ्यानं वाचू नका. ‘ढोल्या’, ‘काडी’ ही नावं वर्गात एकदा पडली की दहावीपर्यंत चिकटतात. चिडवलेलं जाड पोर खेळायला येणं सोडतं, आणि चिडवलेली मुलगी डबा लपवते. वजन एकेकाला बाजूला घेऊन करा आणि कागद पालकांच्या हातात द्या.

राहिलं ते फाटक. शाळकरी मुलांच्या अन्नाबाबतचे केंद्राचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. कागदावर हे स्वच्छ लिहिलं आहे आणि गावात कुणाला ठाऊक नाही. दुकानदार भावांनो, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. फुटाणे, उकडलेल्या शेंगा, केळी, पेरू, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की यांनाही गिऱ्हाईक आहे, फक्त ते समोर मांडा आणि पुड्यांच्या माळा उतरवा. बचत गटांनी भाजके चणे-शेंगदाण्यांच्या पाच रुपयांच्या पुड्या करून याच दुकानांत ठेवाव्यात, म्हणजे दुकानदाराचंही चालेल आणि बायांचंही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापन समितीनं टेप घेऊन अंतर मोजावं आणि दुकानदारांशी बसून बोलावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव घ्या: फाटकासमोरची ५० मीटरची हद्द, आठवड्याचं अंडं किंवा केळं यासाठी गावनिधी आणि त्याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर, आणि शाळेच्या परसबागेला पाण्याचा नळ. त्या सभेआधी महिलांची वेगळी सभा होत असते. बायांनो, विषय आधी तिथे मांडा, सह्या तिथेच करा आणि ठरावाचा कागद घेऊन मोठ्या सभेत पुढच्या रांगेत बसा. सभेत वाचून दाखवायला कुणी नसेल, तर आठवीतल्या तुमच्या पोरीला उभी करा.