आरोग्यविचार : हृदययंत्राचें सोवळें

भंडारा जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासऱ्यांस नागपुरास पेसमेकर बसवावयाचा आहे. यंत्राचें त्यांस भय नाहीं. 'जखम चिघळली तर काय?' ही चिंता मात्र त्यांस झोंप लागूं देत नाहीं. चिंता रास्त आहे. म्हणून उत्तर सर्वांसाठींच देत आहों.

हें यंत्र बहुधा छातीच्या वरच्या बाजूस कातडीखालीं ठेवितात व त्याच्या तारा शिरेंतून हृदयांत नेतात. १९५८ सालीं स्वीडनमध्यें आर्ने लार्सन यांच्या शरीरांत तें प्रथम बसविलें. पुढें अनेक यंत्रें बदलीत ते २००१ पर्यंत जगले. धोका आहे तो कातडीवरील जंतूंचा. ते यंत्रास चिकटले म्हणजे चिवट थर करून राहतात आणि औषधांस दाद देत नाहींत. मग बहुधा यंत्र व तारा दोन्ही काढाव्या लागतात. यासाठीं जंतूंस आंत शिरूंच न देणें हाच खरा उपाय होय.

सोवळें म्हणजे काय, हें आपल्या घरांत कोणास सांगावयास नको. शस्त्रक्रियागृहांतील सोवळें त्याहून कडक. तेथील विटाळ डोळ्यांस न दिसणारा असतो, आणि तो रोग्याच्या स्वतःच्या कातडीसही असतो. तेथें केस काढावयाचे तर वस्तरा वापरीत नाहींत, कारण त्याच्या बारीक ओरखड्यांत जंतूंस घर मिळतें. छेद घेण्यापूर्वीं तासाभरांत जंतुनाशक औषध शिरेंतून देतात. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील प्रयोगांत असें औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ०.६ जणांस संसर्ग झाला, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३.३ जणांस.

दक्षतेचें मोल मुंबईंतही दिसून आलें. २००४ ते २०१० या काळांत तेथील होली फॅमिली रुग्णालयांत अमेरिकेंतील मृतांच्या शरीरांतून काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ रोग्यांस बसविले; एकासही संसर्ग झाला नाहीं. यंत्र वापरलेलें होतें, पण सोवळें पाळलेलें होतें.

आतां घरच्यांचें काम. रोग्यास ताप असेल तर तो लपवूं नये. डॉक्टर शस्त्रक्रिया पुढें ढकलतील. रक्त पातळ करणारीं औषधें परस्पर बंदही करूं नयेत व चालूंही ठेवूं नयेत, डॉक्टरांस विचारावें. यंत्राभोंवतीं रक्त सांकळलें कीं संसर्गाचा संभव वाढतो. जखमेवर हळद किंवा लेप लावूं नये. सूज आली तर ती दाबूं नये आणि गांवांत सुईनें कोणाकडूनही उपसून घेऊं नये. यंत्र बदलतांना तर संसर्गाचा धोका पहिल्या खेपेहून अधिक असतो, हेंही ध्यानांत असावें.

कातडी लाल होणें, पाणी झिरपणें, यंत्र कातडींतून डोकावूं लागणें, किंवा कित्येक महिन्यांनींही थंडी वाजून ताप येणें, हीं चिन्हें होत. अशा वेळीं दुकानांतून गोळ्या आणून वाट पाहूं नये. यंत्र बसविणाऱ्या डॉक्टरांकडे जावें. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. धानाच्या रोवणीची घाई असली तरी ती वाट त्याच दिवशीं धरावी. रोवणी चार दिवस थांबेल. जंतु थांबत नाहींत.