पोलीस पाटलाची जागा रिकामी ठेवू नका!

ऑक्टोबर 2023मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. छापा घातला तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. मार्च 2024मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत दुसरा सापडला. तिथंही मुंबईचीच गुन्हे शाखा पोहोचली. छापे घालणाऱ्यांना शाबासकी द्यायलाच हवी. पण मुंबईला लागलेला सुगावा गावाला आणि गावाच्या ठाण्याला का लागला नाही?

एमडी म्हणजे मेफेड्रोन शेतात पिकत नाही, रसायनांपासून बनतं. त्याला बंद पडलेली शेड किंवा आडबाजूचं फार्महाऊस पुरतं. तरी सगळंच लपत नाही. नाकाला झोंबणारा वास येतो, रात्री-अपरात्री पिंपं उतरतात, ओढ्याचं पाणी बिघडतं. मागाल ते भाडं देणारा भाडेकरू करारावर सही करायला मात्र टाळाटाळ करतो. हे मंत्रालयातून दिसत नाही. ते दिसतं पोलीस पाटलाला आणि बीट अंमलदाराला. जिल्ह्याच्या पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होतं, हे जानेवारी 2025मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत दिसलं. तिथला एमडीचा कारखाना सांगलीच्या स्थानिक गुन्हे शाखेनंच उघडकीला आणला.

गावातल्या हालचालींची खबर ठाण्याला देणं हे पोलीस पाटलाचं काम 1967च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानंच ठरवून दिलं आहे. 2024मध्ये त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेण्याचा निर्णय झाला, हे चांगलंच झालं. पण जिथं जागाच रिकामी आहे आणि शेजारच्या गावचा पाटील 'अतिरिक्त कार्यभार' सांभाळतो, तिथं रात्री कुठल्या शेडमध्ये दिवा जळतो हे कोण बघणार? ही व्यवस्था मोडीत निघू द्यायची नसेल, तर आपल्यालाच उठावं लागेल.

येत्या ग्रामसभेत पोलीस पाटलाची जागा भरण्याचा ठराव करा आणि तो प्रांतांकडे पाठवून पाठपुरावा करा. आपला बीट अंमलदार कोण, त्याचा नंबर काय, हे चावडीच्या फळ्यावर लिहून घ्या. शेड भाड्यानं देताना भाडेकरूची माहिती ठाण्यात नोंदवा.

छाप्याच्या वेळी पंच व्हायला नाही म्हणू नका. व्यापारी प्रमाणातल्या साठ्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे आणि मेफेड्रोनसाठी हे प्रमाण अवघ्या 50 ग्रॅमपासून सुरू होतं. शिक्षा एवढी कडक असल्यानं न्यायालय पंचनाम्याची ओळ न् ओळ तपासतं. पंच फितूर झाले की महिनोन् महिने केलेला तपास पांगळा होतो.

घरातलं पोर नादाला लागलं असेल तर ते झाकू नका. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला आला, तर अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. त्याला माल पुरवणाऱ्याचं नाव मात्र ठाण्यापर्यंत पोहोचू द्या.

आणि ठाण्यावरच भरवसा नसेल तर? गप्प बसू नका. थेट पोलीस अधीक्षकांना गाठा, 1933 या 'मानस' हेल्पलाइनवर कळवा. पोलीस चुकले तर जाब विचारा, त्यांनी चांगलं काम केलं तर पाठीशी उभे राहा. पुढचा कारखाना मुंबईच्या गाड्या येण्याआधी आपल्याच ठाण्यानं शोधला पाहिजे. पहिली खबर तुम्ही द्या!