छातीवरची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमची आई रामकुंडाच्या पायरीवर घसरून पडली. मनगट सुजले, म्हणून नाशकातल्याच एका एक्स-रे केंद्रात तिला घेऊन गेलो. फोटो काढणाऱ्या तरुणाच्या छातीवर बिल्ला नव्हता. विचारले, तर टेबलाच्या खणाकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, आकडा जास्त आला की चौकशी होते, साहेब चिडतात. त्यापेक्षा तो तिथेच बरा."

घरी परतताना आईच्या हाताला प्लॅस्टर होते आणि माझ्या डोक्यात तो बिल्ला. गंमत अशी, की दोघांचे गोत्र एकच. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बिल्ल्यातल्या चकत्यांतही तेच असते. फक्त निर्जल स्फटिकांच्या रूपात आणि डिस्प्रोसियम नावाच्या धातूचा किंचित अंश मिसळून. एक्स किरण पडले, की स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि आतल्या खाचांत महिनोन्‌महिने अडकून बसतात. प्रयोगशाळेत चकती तापवली, की ते सुटतात आणि मंद प्रकाश पडतो. जितके किरण सोसले, तितका प्रकाश!

पूर्वी यासाठी फोटोफिल्म वापरीत. आपल्या उष्ण-दमट हवेत ती खराब होई. १९७५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने हे स्फटिकांचे बिल्ले आणले. एक्स-रे विभागातले बिल्ले दर तीन महिन्यांनी मोजणीला जातात. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसीव्हर्ट, ही कर्मचाऱ्यासाठी आपल्याकडची मर्यादा.

बिल्ला किरण अडवीत नाही; ते काम भिंतींचे आणि शिशाच्या एप्रनचे. तो फक्त साक्ष देतो. खणातला साक्षीदार खोटे बोलत नाही, पण त्याने काही पाहिलेलेच नसते! मग एप्रनला भेग गेली आहे, की दोघांचे काम एकट्यावर पडले आहे, हे कळणार कसे? आकडा वाढला, तर जाब यंत्राला आणि व्यवस्थेला विचारावा, त्या पोराला नव्हे. चौकशी ही शिक्षा वाटू लागली, की बिल्ला खणात जाणारच.

दीड महिन्याने पुन्हा फोटो काढायला गेलो. आईनेच विचारले, "बाळा, तुझा बिल्ला कुठाय रे?" तो ओशाळून हसला, खण उघडला आणि बिल्ला छातीवर लावला. आपणही असे विचारायला काय हरकत आहे?